डाळिंबवेलीखालचे थर

अंबादास येमूल यांचा जुना संगणक एका मंगळवारी सकाळी, त्यांच्या हातातला चहा अजून अर्धा असताना, बंद पडला. वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा पडदा उजळलाच नाही. खालच्या पेटीतून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला, आणि मग तोही थांबला.

"गेला वाटतं," आतून त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई म्हणाल्या.

 अंबादास पेटीला कान लावून बसले होते.

अडुसष्ट वर्षांचे अंबादास सोलापुरातले जुने नक्षीकार. जॅकार्ड चादरीवर जी वेलबुट्टी दिसते ती आधी कुणीतरी चौकटी-चौकटीत काढावी लागते. एक चौकट म्हणजे एक धागा. त्या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, कार्डांची माळ मागावर चढवतात, आणि जिथे भोक असेल तिथे मागाचा हूक धागा वर उचलतो. अंबादासांनी चाळीस वर्षं हे काम केलं. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने त्यांना डिझाइन खात्यातला संगणक देऊन टाकला होता. २००२ सालचा तो संगणक त्यांनी २०३९ पर्यंत चालता ठेवला, कारण जुन्या डिझाइनच्या फायली दुसऱ्या कुठल्या यंत्रावर उघडत नसत.

त्या फायलींमध्ये एक होती 'डाळिंबवेल'. २००३ मध्ये निघालेली ही चादर सोलापुरातून देशभर गेली. अनेक घरांत लग्नाच्या रुखवतात ती असे. पण लोकांनी पाहिली ती मुळातली चादर नव्हती. मुळातल्या डिझाइनला अकराशे बावन्न कार्डं लागत. विणायला वेळ जातो म्हणून वर्षभरात कार्डं निम्मी केली गेली, वेल जाड झाली, फळातले दाणे गेले. मूळ चादरी चाळीस-पन्नासच निघाल्या होत्या आणि त्या कधीच विरून गेल्या होत्या. आता शहरात नवं वस्त्रसंग्रहालय उभं राहत होतं. विणकर सोसायटीला तिथे मूळ डाळिंबवेल विणून लावायची होती. खाली पाटी लागणार होती: नक्षीकार, अंबादास येमूल. सोसायटीच्या सेक्रेटरींचा आदल्याच आठवड्यात फोन आला होता आणि त्या मंगळवारी अंबादास फाईल काढून द्यायलाच बसले होते.

होटगी रोडवर बंद पडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारी एक प्रयोगशाळा होती. ती चालवणारी ताहसीन बागवान पस्तिशीची होती. पदार्थविज्ञान शिकून बंगळुरूला आठ वर्षं काढून परत आली होती. तिने काचेच्या बंद खोक्यात हात घालून डिस्कचं झाकण उघडलं आणि अंबादासांना बोलावलं.

"बघा काका. ही तबकडी. ही इथे गोल रेघ दिसते ना, चकचकीत? वाचणारं टोक खाली घासलं. तिथला लेपच खरवडून गेलाय."

"म्हणजे सगळं गेलं?"

"पूर्वी गेलं असंच म्हटलं असतं. आता नाही." ती हसली. "आपण ही तबकडी फिरवणारच नाही."

तिने समजावून सांगितलं ते अंबादासांना कळलं, कारण ती घाई न करता सांगत होती. तबकडीवर चुंबकीय धातूचा फार पातळ लेप असतो. माहिती म्हणजे त्या लेपातले सूक्ष्म चुंबक. काही एका दिशेला वळलेले, काही उलट. लिहिणारं टोक गोल गोल रेघा आखत त्यांना वळवत जातं. त्याच रेघेवर पुन्हा लिहिलं की जुनं पुसलं जातं, असं सगळे धरून चालतात. पण ते टोक दर वेळी केसाइतकंही इकडेतिकडे न होता त्याच रेघेवर येईल, असं होत नाही. किंचित सरकतं. रंगाऱ्याने दाराची चौकट दुसऱ्या रंगाने रंगवली की कडेला आधीच्या रंगाची बारीक रेघ राहून जाते, तसं जुनं लिखाण कडेला उरतं.

"ती कड वाचायला आमच्याकडे ही सुई आहे," ताहसीन म्हणाली. "टोकाला कृत्रिम हिरा. हिऱ्यात सगळे कार्बनचे अणू असतात. यात एक अणू काढून तिथे नायट्रोजनचा बसवलाय, आणि शेजारची एक जागा रिकामी ठेवलीय. त्या जागेवर हिरवा लेझर टाकला की ती तांबूस प्रकाश देते. खाली चुंबक कसा वळलाय त्यावर तो प्रकाश कमीजास्त होतो. सुई सावकाश तबकडीवरून फिरते आणि आपण नुसता प्रकाश मोजत बसतो. मग कुठली कड कुठल्या कडेवर चढलीय त्यावरून आधीचं काय, नंतरचं काय, ते लावायचं."

"म्हणजे पुसलेलंही वाचता येतं?"

"बऱ्याचदा. म्हणून तर फॉर्मवर विचारलंय." तिने कागद पुढे केला. "फक्त वरचा थर हवा की सगळे? वरचा म्हणजे शेवटी जसं ठेवलं होतं तसं. सगळे म्हणजे त्याखाली जे जे होतं ते. डिस्क ज्याची, निर्णय त्याचा. वाचलेले खालचे थर जतन करायला सांगितले नाहीत तर आम्ही ते पंधरा दिवसांनी नष्ट करतो. लोक विचार करून टिक करतात, काका. मागच्या महिन्यात एका घरातले तिघे भाऊ आले होते, वडिलांचं मृत्युपत्र काढायला. खालचा थर वाचला आणि तिघे तीन रिक्षांनी घरी गेले."

अंबादास हसले. आपल्या डिस्कमध्ये वेलबुट्टीशिवाय काय असणार! त्यांनी 'सगळे' वर टिक केली.

तीन दिवसांनी ताहसीनचा फोन आला. फाईल सापडली होती. अंबादास जवळजवळ धावतच गेले.

पडद्यावर डाळिंबवेल होती. छत्तीस वर्षांनी अंबादास ती पूर्ण रूपात पाहत होते. बारीक दांडी, वळताना एक पान पुढे काढून मग मागे घेणारी वेल, तडकलेलं फळ आणि त्यात मोजता येतील असे दाणे. त्यांचे डोळे भरून आले.

"आता अडचण सांगते," ताहसीन म्हणाली. तिने बोट ठेवलं. वेलीच्या मधोमध एक पांढरा पट्टा होता, खालीवर सगळीकडे सारखा रुंद. "ओरखडा इथून गेलाय. सत्तर कार्डांची जागा. यातलं काहीच उरलेलं नाही. पण खाली आधीचे कच्चे आराखडे आहेत, चौदा. जुनं सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी त्याच जागी वर लिहीत होतं. या फाईलला नंतर कुणी हात लावला नाही म्हणून कडा शाबूत राहिल्या. हा पट्टा त्यांतही गेलाय, पण बाकीची वेल त्यांत कशी बदलत गेली ते बघून अंदाज बांधता येईल."

तिने आराखडे ओळीने मांडले. पहिल्यात नुसती एक वाकडी रेघ होती. दुसऱ्यात ती रेघ दोनदा वळली होती. सहाव्यात पहिलं फळ आलं, सातव्यात ते काढून टाकलं होतं, आठव्यात पुन्हा आलं, तडकलेलं. एखादं मूल उभं राहायला शिकताना बघावं तसं ते बघत राहावंसं वाटत होतं. प्रत्येकाखाली तारीख आणि वेळ होती.

अंबादासांची नजर तिथे अडकली. पहिला आराखडा ६ ऑगस्ट २००३, दुपारी दोन दहा. चौदावा २७ ऑगस्ट.

"या तारखा चुकल्यात," ते म्हणाले.

"का हो?"

"चुकल्यात. संगणकाचं घड्याळ मागेपुढे असेल."

ताहसीनने मान हलवली आणि त्याच दिवसांतल्या दुसऱ्या फायली उघडल्या. रोजच्या मालाची पत्रं होती. पत्रात हाताने टाइप केलेली तारीख आणि फाईलची तारीख एकच होती. घड्याळ बरोबर होतं.

अंबादास घरी आले.

राजेश्वरीबाई शेंगा सोलत होत्या. अंबादास समोर पाटावर बसले आणि म्हणाले, "मला कावीळ कधी झाली होती गं?"

"झाली तेव्हा झाली. आज काय तिचं?"

"साल सांग."

"साल तुम्हीच मोजा. त्या वर्षी नारळी पौर्णिमेचा मार्कंडेयाचा रथोत्सव चुकला होता तुमचा. जन्मात एकदाच चुकला. दवाखान्याच्या खिडकीतून ढोल ऐकू येत होते आणि तुम्ही रडत होतात." त्या थांबल्या. "आपली विद्या पहिलीत गेली ते वर्ष. दोन हजार तीन."

"किती दिवस होतो मी आत?"

"पंचवीस. महिना अखेरीला घरी आणलं. पिवळे धमक झाला होतात. कुणाला ओळखत नव्हतात चार दिवस." मग त्यांच्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. राजेश्वरीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पद्मा," त्या म्हणाल्या.

पद्मा ही अंबादासांची धाकटी बहीण, त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. लग्नाआधी ती त्यांच्याबरोबर डिझाइन खात्यात मदतीला यायची. २०२८ मध्ये विणकर सोसायटीने डाळिंबवेलीसाठी अंबादासांचा जाहीर सत्कार केला. शाल, श्रीफळ, फोटो. कार्यक्रम संपल्यावर घरी जेवायला बसलेल्या पाहुण्यांसमोर पद्मा हळूच म्हणाली होती, "अण्णा, वेल माझी होती. एकदा तरी सांगायचंस." अंबादास चिडले होते. "तू नुसते रंग भरलेस," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. पद्मा ताटावरून उठली. तेव्हापासून अकरा वर्षं दोघं फक्त लग्नाकार्यात समोरासमोर येत होते. राखी पोस्टाने यायची, पत्र नसायचं.

"मी खोटं बोललो नव्हतो," अंबादास म्हणाले. "मला आठवतं मी वेल काढताना. माझ्या हाताला आठवतं."

"तुम्ही खोटं बोललात असं कोण म्हणतंय?" राजेश्वरीबाई म्हणाल्या. "पण दवाखान्यात संगणक नव्हता."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा प्रयोगशाळेत गेले आणि त्यांनी एकच गोष्ट मागितली. चौदावा आराखडा आणि शेवटची फाईल, यांच्यात फरक काय?

ताहसीनने एकातून दुसरं वजा केलं. जे बदललं ते लाल दिसेल, असं तिने सांगितलं. अंबादास खुर्चीत पुढे सरकले. पडद्यावर काठाची एक ओळ लाल झाली, चार कोपऱ्यांतली फुलं लाल झाली, आणि खाली रंगांचा तक्ता लाल झाला. वेल, पानं, फळं, दाणे, सगळं जसंच्या तसं राहिलं.

"हे लाल काम तुमचं ना?" ताहसीनने विचारलं. "कोपरे फार सुंदर बसवलेत."

"हो," ते म्हणाले. "कोपरे मी बसवले. आणि रंग."

ताहसीनला गोष्ट माहीत नव्हती, पण इतक्या लोकांना असं पडद्यासमोर बसलेलं तिने पाहिलं होतं की तिने काही विचारलं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मधला पट्टा यंत्राकडून भरून घेऊ? आराखडे बघून ते अंदाज करेल. चांगला करेल. कुणाला कळायचंही नाही. बाकीचे थर म्हणाल तर येत्या गुरुवारी पंधरा दिवस होतात. तुम्ही काही नाही सांगितलंत तर ते आपोआप जातील."

अंबादास बाहेर आले. रिक्षा न करता ते चालत निघाले. काही न केलं तर गुरुवारी सगळं आपोआप मिटणार होतं. सोसायटी खूश होणार होती. पाटी लागणार होती. आणि ते खोटं ठरत नव्हते, कारण आपण वेल काढली ही त्यांची आठवण आजही तशीच लख्ख होती. त्यांना तो माऊस आठवत होता, ती खुर्ची, उजवीकडची खिडकी. मेंदूतसुद्धा तसंच होत असेल का, त्यांच्या मनात आलं. जुन्यावर नवं लिहिलं जातं. आणि आपल्या डोक्यातली कड वाचायला अजून कुणी सुई काढलेली नाही.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. सत्काराचा फोटो बैठकीतच होता. तिसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, त्यांनी सदरा बदलला.

"कुठे?" राजेश्वरीबाईंनी विचारलं.

"घरकुलात."

"मी येऊ?"

"नको. मला एकट्याला जाऊ दे."

विडी घरकुल वसाहतीत पद्माचं दोन खोल्यांचं घर होतं. तिचे यजमान श्रीहरी गड्डम सिटी बसचे कंडक्टर होते, आता निवृत्त. पद्मा साड्यांना फॉल आणि पिको करून द्यायची. अंबादास दारात उभे राहिले तेव्हा ती मशीनवर होती. श्रीहरींनी उठून खुर्ची दिली. "या या, अंबादासराव," असं म्हणाले, बायकोच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी आणायला आत गेले ते बराच वेळ आतच राहिले.

अंबादास तयारी केलेली सगळी वाक्यं विसरले. ते म्हणाले, "पद्मा, वेल तू काढलीस. मी नाही काढली. काल-परवा मला कळलं."

मशीन थांबलं नाही. निळी साडी सुईखालून सरकत होती.

त्यांनी सगळं सांगितलं. तबकडी, हिऱ्याची सुई, चौदा आराखडे, तारखा, दवाखाना. पद्मा ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. साडीचं टोक आलं तेव्हा तिने दोरा तोडला, साडीची घडी घातली, ती मांडीवर ठेवली.

"पहिल्यात काय होतं?" तिने विचारलं.

"नुसती एक रेघ. वाकडी."

"आणि फळ एकदा काढून टाकलेलं?"

"सातव्यात. आठव्यात परत घातलंस."

पद्माने साडीत तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. अंबादास उठायला लागले तशी ती हाताने बस म्हणाली.

"मला वाटायला लागलं होतं की मीच खोटं बोलतेय," ती म्हणाली. "अकरा वर्षं, अण्णा. तू इतक्या ठामपणे बोललास त्या दिवशी. मी रात्री... जाऊ दे. मी आठवत बसायचे. पहिली रेघ, मग दुसरी. हळूहळू मला वाटलं की हे मी मनाने रचलंय. यांना म्हणायचे, मला वेड लागलंय का बघा. मला तुझ्या शालीची हाव नव्हती रे. पण माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही हेच मला कळेना झालं होतं."

"माझं चुकलं."

"चुकलंच. सगळ्यांसमोर चुकलं." ती डोळे पुसून सरळ बसली. "पण एक तुला माहीत नाही. ते मीही कधी कुणाला सांगितलं नाही. नुसते रंग भरले, हे वाक्य तुझं नाही. माझं आहे."

"म्हणजे?"

"तू आजारी पडलास तेव्हा मालकाने नानांना बोलावून सांगितलं, तुमचा मुलगा आजारी. महिना अखेरीपर्यंत नवं डिझाइन नाही आलं तर मी मालेगावचा माणूस आणतोय. तुझी जागा जाणार होती. विद्या लहान, वहिनी दवाखान्यात तुझ्यापाशी. मी नानांना म्हटलं मी बसते. पण मालक मुलीच्या हातचं डिझाइन मागावर चढवायचा नाही. म्हणून मी सांगितलं की अण्णाने आजारी पडायच्या आधीच सगळं काढून ठेवलंय, मी नुसते रंग भरते. रोज दुपारी दोनला, तो जेवायला घरी गेला की, वेल काढायचे. तो आला की रंग उघडून बसायचे."

अंबादासांनी खुर्ची मशीनजवळ ओढली.

"तू घरी आलास तेव्हा तुला धड शुद्ध नव्हती. नाना तुला रोज सांगायचे, तुझं डिझाइन तयार आहे हो, तू काढलंस ते. तुला धीर यावा म्हणून. तू कामावर गेलास, कोपरे बसवलेस, मालकाने पाठ थोपटली. मला वाटलं आता सांगू, मग सांगू. मग माझं लग्न ठरलं."

 श्रीहरी पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन उभे होते, किती वेळ कोण जाणे.

"म्हणजे माझी नोकरी तू वाचवलीस," अंबादास म्हणाले.

"तेव्हा वाचवली. मग अकरा वर्षं तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. फिट्टंफाट." तिने नाक ओढलं. "पण म्हणून तू त्या दिवशी तसं बोलायला नको होतंस."

"नको होतं."

"ते मी लगेच विसरणार नाही."

"नको विसरूस."

पद्मा उठली. चपला शोधू लागली. "अहो, भाकरी टोपल्यात आहे, शेंगाचटणी डब्यात. मला यायला उशीर होईल," ती श्रीहरींना म्हणाली, आणि अंबादासांकडे वळली. "चल. मला बघायचंय."

प्रयोगशाळेत ताहसीनने चौदाही आराखडे एकामागून एक दाखवले. पद्मा उभीच होती. पडद्याला हात लावू का, असं तिने विचारलं. पाचव्या आराखड्याला ती हसली. "हे पान मला आवडलं नव्हतं. म्हैस कान हलवते तसं दिसत होतं." दहाव्याला तिने जीभ चावली, कारण एका जागी सलग नऊ चौकटी रिकाम्या सोडल्या होत्या आणि तिथे धागा लांब सुटून बोटात अडकला असता. अकराव्यात ते दुरुस्त केलेलं होतं. अंबादास मागे उभे राहून बघत होते. चाळीस वर्षं नक्षीकाम केलेल्या त्यांना दिसत होतं की एकवीस वर्षांच्या मुलीने, कुणी न शिकवता, तीन आठवड्यांत हे सगळं स्वतःच्या चुकांतून शोधलं होतं. आपण शिकवलं असतं तर ती वेल अशी वळली नसती, हेही त्यांना कळलं. आपण सगळ्यांना वेल सरळ चढवायला शिकवत होतो.

मधला पांढरा पट्टा आला. ताहसीनने यंत्राचा अंदाज त्यात बसवून दाखवला. पट्टा भरला. सांधा कुठेच दिसत नव्हता.

"सुरेख आहे," अंबादास म्हणाले.

पद्मा डोकं तिरकं करून बघत राहिली. "सुरेख आहे. पण इथे मी असं केलं नव्हतं."

"मग कसं केलं होतंस?"

"ते आठवत नाही."

ताहसीन म्हणाली, "मावशी, आठवत नसेल तर मग हेच..."

"आठवत नाही, पण हे नव्हतं एवढं नक्की. या यंत्राने बाकीची वेल बघून तशीच पुढे नेलीय. मी तशीच कशाला नेली असती? इथवर येईपर्यंत मला कंटाळा आलेला असणार. काहीतरी वेगळं केलं असेल." तिने खुर्ची ओढली. "पुसा ते. मी काढते."

"जुनं तर मिळणार नाही आता," ताहसीन म्हणाली.

"न मिळू दे. सत्तर कार्डांचीच तर जागा आहे."

दुसऱ्या दिवसापासून ती तीन दिवस आली, सकाळी दहाला, साडीची कामं बाजूला ठेवून. अंबादास शेजारी बसायचे. सुरुवातीला तिचा हात चाचपडत होता. दुसऱ्या दिवशी सलग चौकटी भरू लागली. एका ठिकाणी तिने विचारलं, "इथे बाण्याचा आडवा धागा दोनदा घेतला तर चालेल का रे, की माग अडकेल?" अंबादासांनी कागदावर मोजून दाखवलं. चालणार होतं. तिसऱ्या दिवशी पट्टा भरला. तिथे वेल एका फळाला वळसा घालून जात होती आणि फळावर एक पाखरू बसलं होतं, चोच दाण्यात. २००३ मध्ये तिथे पाखरू होतं का, ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

त्यातल्या पहिल्याच दिवशी, गुरुवारी, ताहसीनने खालच्या थरांचं काय करायचं ते विचारलं होतं. अंबादासांनी सगळे चौदा थर जतन करून संग्रहालयाला द्यायला सांगितले आणि फॉर्मवर सही केली. मग ते सोसायटीत गेले. सेक्रेटरींना सगळं सांगायला त्यांना अर्धा तास लागला. सेक्रेटरी अवघडले. सत्कार झालेला, पाटी छापून आलेली. "येमूलसाहेब, एवढं कुणी विचारणारही नाही हो," ते म्हणाले.

"विचारणार नाही म्हणूनच सांगायला आलो," अंबादास म्हणाले. "पाटी नवी करा."

नव्या पाटीवर लिहिलं गेलं: डाळिंबवेल. नक्षी, पद्मावती गड्डम. कोपरे आणि रंग, अंबादास येमूल. पद्माने स्वतः नानांचं नावही सुचवलं होतं, पण त्यांनी काय केलं ते पाटीवर कसं लिहायचं हे कुणालाच सुचलं नाही.

चादर विणायला सोसायटीने अक्कलकोट रोडवरचा एक जुना माग दुरुस्त केला. पहिल्या दिवशी दोघं भावंडं आणि राजेश्वरीबाई तिथे गेली. मागाचा खडखडाट इतका होता की बोलायला तोंड कानापाशी न्यावं लागे. कार्डांची माळ वर चढत होती, एकेक कार्ड क्षणभर थांबून पुढे जात होतं. हातभर कापड झाल्यावर पहिलं फळ दिसलं. वीतभर पुढे पाखरू आलं, आधी चोच, मग डोकं, मग बाकीचं. राजेश्वरीबाईंनी नणंदेचा हात धरला. अंबादास वाकून धागे मोजत होते. एकही लांब सुटला नव्हता.

दोन चादरी विणल्या गेल्या. एक संग्रहालयात काचेमागे गेली. तिथे शेजारच्या पडद्यावर चौदा आराखडे एकामागून एक उलगडतात, आणि शाळेच्या सहली आल्या की मुलं सातव्या आराखड्यापाशी ओरडतात, "फळ गेलं!" दुसरी चादर सोसायटीने पद्माला दिली. ती चौकटीत लावून भिंतीवर टांगावी असं अंबादासांनी सुचवलं. पद्मा बघू म्हणाली.

पुढच्या रविवारी दुपारी ते घरकुलात गेले. नव्या पद्धतीच्या चादरीसाठी सोसायटी नक्षी मागवत होती आणि त्यांना पद्माला विचारायचं होतं की दोघं मिळून काही करायचं का. बरोबर चौकटीचा कागद होता. दार उघडंच होतं. श्रीहरींनी ओठांवर बोट ठेवून त्यांना आत घेतलं.

खाटेवर पद्मा झोपली होती. डाळिंबवेल तिने खांद्यापर्यंत ओढून घेतली होती. एक कोपरा पायाशी चुरगळला होता आणि फळांची ओळ तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती.

"सकाळपासून चार साड्या झाल्या," श्रीहरी कुजबुजले. "उठवू का?"

"नको," अंबादास म्हणाले. "झोपू दे. मला काही घाई नाही."

त्यांनी चपला बाजूला केल्या, कागदाची गुंडाळी भिंतीशी उभी ठेवली आणि ते मशीनपाशी असलेल्या स्टुलावर बसले.